हातची वस्तू सीमेपार धाडताना : कस्टम्स, कर आणि कागदपत्रं — वाचकांचे प्रश्न

परदेशात राहून स्वतःच्या किंवा तिथल्या कारागिरांच्या हातच्या वस्तू आणखी दुसऱ्या देशात विकणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण ती जवळपास प्रत्येक पत्रात डोकावते. वस्तू हातानं केलेली आहे म्हणून सीमेवर तिला सहसा कसलीही सूट मिळत नाही. ती कशाची आहे, कुणी पाठवली, खरोखर कितीला विकली आणि ती वापरणाऱ्याला अपाय तर करणार नाही ना, एवढंच तिथे पाहिलं जातं.

प्रश्न : मी नोकरीच्या व्हिसावर युरोपीय संघातल्या एका देशात राहते. इथल्या विणकरांकडून शाली आणि गालिचे घेऊन अमेरिकेतल्या ग्राहकांना पाठवायचा विचार आहे. निर्यातदार म्हणून माझं नाव चालेल का?

कस्टम्सच्या बाजूनं चालेल. व्हिसाच्या बाजूनं मात्र आधी खात्री करा. नोकरीसाठी मिळालेल्या अनेक परवान्यांमध्ये स्वतंत्र व्यवसायाला मनाई असते किंवा त्यासाठी वेगळी परवानगी लागते. शाली विकणं हा व्यवसायच आहे, मग तो सुट्टीच्या दिवशी का असेना. हा टप्पा गाळून लोक थेट नोंदणी करायला जातात आणि पुढे व्हिसाच्या नूतनीकरणाच्या वेळी अडकतात.

युरोपीय संघात व्यापारी मालाचा निर्यातदार संघाच्या हद्दीतच स्थापित असावा लागतो. तुम्ही तिथे कायदेशीर रहिवासी आहात, त्यामुळे ईओआरआय क्रमांक, म्हणजे कस्टम्सकडचा ओळख क्रमांक, घेता येईल. पर्यटक म्हणून आलेल्याला हे जमत नाही. त्यानं विणकराला किंवा तिथल्या एखाद्या कंपनीला निर्यातदार करावं आणि घोषणापत्र त्यांच्या क्रमांकावर भरावं. कस्टम एजंट नेमला म्हणजे जबाबदारी त्याच्यावर गेली असं समजू नका. तो 'थेट प्रतिनिधी' म्हणून काम करत असेल तर चुकीचा कोड, चुकीची किंमत, सगळं तुमच्याच नावावर राहतं. करारात तो थेट आहे की अप्रत्यक्ष, हे वाचून घ्या.

माल १,००० युरो आणि १,००० किलोच्या आत असेल तर संघातून बाहेर नेताना तोंडी घोषणाही चालते. पण विमानानं सामानातून नेत असाल तर बॅग चेक-इनला देण्याआधी कस्टम्सच्या खिडकीवर जा. बॅग पट्ट्यावर गेली की दाखवायला माल उरत नाही आणि शिक्काही मिळत नाही. पर्यटकांना मिळणारा व्हॅटचा परतावा प्रवाशाच्या खासगी सामानासाठी असतो. विक्रीसाठी घेतलेल्या तीस शालींवर तो मागणं हा गैरवापर ठरतो.

अमेरिकेच्या बाजूला आयातदार कोण, हेही आधी ठरवा. २,५०० डॉलरच्या वरच्या व्यापारी खेपेला औपचारिक एंट्री (पूर्ण आयात घोषणापत्र) आणि कस्टम बाँड (ड्युटी भरली जाईल याची हमी) लागतो. घरगुती ग्राहकाला हे झेपत नाही, त्यामुळे मोठी ऑर्डर स्वीकारण्याआधीच त्याच्याशी बोला.

प्रश्न : बिलावर आम्ही 'हँडिक्राफ्ट' असं लिहितो. तरी कुरिअरवाले एचएस कोड मागत राहतात. तो कसा शोधायचा?

'हँडिक्राफ्ट' हे वर्णनच नाही. त्यावरून वस्तू मातीची की लोकरीची, हेसुद्धा कळत नाही. युरोपीय संघाच्या आगाऊ माहिती यंत्रणेत आता पार्सल निघण्यापूर्वीच सहा अंकी कोड आणि स्पष्ट वर्णन द्यावं लागतं. 'गिफ्ट', 'पार्ट्स' असे मोघम शब्द ती यंत्रणा परत पाठवते.

एचएस कोड म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक. त्याचे पहिले सहा अंक जगभर समान असतात. ते जागतिक सीमाशुल्क संघटना ठरवते, आणि पुढचे अंक प्रत्येक देशाचे स्वतःचे असतात. कोड शोधताना तीन प्रश्न या क्रमानं विचारा : वस्तू कशाची, ती कशी घडवली, आणि ती कशासाठी.

उशीचंच घ्या. शोभेच्या उशीचा नुसता अभ्रा ६३०४ मध्ये जातो. बिछान्यावरच्या उशीचा अभ्रा बेड लिनन म्हणून ६३०२ मध्ये. त्याच अभ्र्यात कापूस भरून उशी म्हणून पाठवलीत की ९४०४. शाल यंत्रमाग किंवा हातमागावरची असेल तर ६२१४, सुयांवर किंवा क्रोशानं विणलेली असेल तर ६११७. गालिचा गाठी मारलेला असेल तर ५७०१, मागावर विणलेला ५७०२, टफ्टेड (कापडात धाग्याचे झुपके टोचून केलेला) ५७०३. ड्युटीचे दर या प्रत्येक ठिकाणी वेगळे असू शकतात, आणि एकाच बिलावर तीन प्रकारचा माल असेल तर तीन ओळी लागतात.

'हातानं' हा शब्द खरोखर मोलाचा ठरतो अशा जागा मोजक्या. संपूर्णपणे हातानं काढलेलं चित्र ९७०१ मध्ये जातं. तेच चित्र तयार ट्रेवर किंवा लाकडी पेटीवर रंगवलंत तर त्या शीर्षकातून ते स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. तो ट्रे मग लाकडाचा किंवा धातूचा ट्रेच राहतो. कलाकृती म्हणून कमी दरानं सोडवायला जाऊन शेवटी फरक आणि दंड भरावा लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

बिलावर असं लिहा : 'स्त्रियांची शाल, १०० टक्के मेंढीची लोकर, हातमागावर विणलेली, २०० बाय ७० सेंमी, ४ नग.' शंका उरलीच तर संबंधित कस्टम्सकडून लेखी निर्णय मागवा. युरोपीय संघात असा बंधनकारक निर्णय तीन वर्षं टिकतो. अमेरिकेचे आजवरचे निर्णय 'क्रॉस' या सरकारी संग्रहात कुणालाही फुकट वाचता येतात. आपल्यासारखी वस्तू तिथे बहुधा सापडतेच.

प्रश्न : ग्राहक म्हणतात, पार्सलवर 'भेट' लिहा आणि किंमत कमी दाखवा. सगळेच असं करतात म्हणे.

करू नका. भेटवस्तूंची सूट (युरोपीय संघात ४५ युरो, ब्रिटनमध्ये ३९ पौंड) एका व्यक्तीनं दुसरीला पैसे न घेता पाठवलेल्या वस्तूसाठी आहे. पैसे घेतले की ती विक्री झाली. खोटं घोषणापत्र तुमच्या सहीचं असतं, ग्राहकाच्या नाही. शिवाय पार्सल हरवलं किंवा फुटलं तर विमा घोषित किमतीवर मिळतो. ३०० युरोची फुलदाणी २० युरोची दाखवली असेल तर हातात २० युरोच पडतील.

फुकट नमुना पाठवतानाही किंमत शून्य लिहू नका. वाजवी किंमत लिहा आणि पुढे 'फक्त कस्टम्ससाठी, विनामूल्य नमुना' अशी नोंद करा.

ग्राहकाला खर्च आधी सांगितला की अशी मागणी आपोआप कमी होते. उदाहरणार्थ, युरोपीय संघात जाणारी २०० युरोची वस्तू, वाहतूक ४० युरो, ड्युटी ५ टक्के आणि व्हॅट २० टक्के धरू. तिथे ड्युटी वाहतुकीसह किमतीवर लागते, म्हणजे २४० वर १२ युरो. व्हॅट ड्युटीसह रकमेवर, म्हणजे २५२ वर ५० युरो ४० सेंट. एकूण ६२ युरो ४० सेंट, आणि वर कुरिअरचा हाताळणी आकार. (माल संघाच्या हद्दीत शिरल्यानंतरची वाहतूक ड्युटीच्या हिशेबातून वगळता येते, इथे सोयीसाठी पूर्ण भाडं धरलं आहे.) अमेरिका मात्र ड्युटी आंतरराष्ट्रीय वाहतूक सोडून आकारते. म्हणून बिलात वस्तू आणि वाहतूक या दोन ओळी नेहमी वेगळ्या हव्यात.

प्रश्न : छोट्या पार्सलला कर नसतो असं ऐकलं होतं. आता प्रत्येक ग्राहकाकडून तक्रार येते आहे. नेमकं काय बदललं?

बरंच काही. अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतची ड्युटीमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांच्या मालासाठी थांबली. त्या सुटीवर दुकानाची सगळी किंमत बेतलेल्यांनी ती नव्यानं मांडायला हवी.

युरोपीय संघात २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ लाच संपली. तेव्हापासून १५० युरोपर्यंतच्या पार्सलसाठी आयओएसएस ही सोय आहे. विकतानाच ग्राहकाकडून त्याच्या देशाच्या दरानं व्हॅट घ्यायचा, महिन्याला एक विवरणपत्र भरायचं आणि पार्सल सीमेवर न अडकता पुढे जातं. संघाबाहेरच्या विक्रेत्याला यासाठी सहसा संघातला मध्यस्थ नेमावा लागतो, आणि नोंदी दहा वर्षं ठेवाव्या लागतात. ऑनलाइन बाजारपेठेतून विकत असाल तर त्या मर्यादेत व्हॅट ती बाजारपेठच गोळा करते. १५० युरोच्या आतल्या पार्सलची ड्युटीमाफीही जाते आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संघाच्या अर्थमंत्र्यांनी १ जुलै २०२६ पासून अशा पार्सलमधल्या प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या वस्तूवर ३ युरो ठोक ड्युटी घ्यायचं ठरवलं. एका पाकिटात कानातले, पिशवी आणि मेणबत्ती असे तीन प्रकार घालण्याआधी याचा हिशेब करा.

इथे सर्वांत जास्त चूक होते ती आयओएसएस क्रमांक देण्यात. तो पाकिटावर पेननं लिहून उपयोग नाही. कुरिअरच्या किंवा टपालाच्या प्रणालीत ठरलेल्या रकान्यात भरला तरच तो इलेक्ट्रॉनिक माहितीसोबत कस्टम्सकडे पोचतो. नाहीतर ग्राहक दुकानात एकदा आणि दारात पुन्हा एकदा, असा दोनदा व्हॅट भरतो. दुसरी चूक मर्यादेची. १५० युरो ही संपूर्ण खेपेतल्या मालाची किंमत आहे. वाहतूक बिलात वेगळी दाखवली असेल तरच ती वगळली जाते. 'फ्री शिपिंग' म्हणून ती किमतीत मिसळलीत की १४० ची वस्तू १६० ची होऊन मर्यादेबाहेर पडते.

ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर विक्रेत्यानंच नोंदणी करून विकताना व्हॅट घ्यायचा असतो. ऑस्ट्रेलियात १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर १० टक्के जीएसटी आहे, पण तिथली तुमची वार्षिक विक्री ७५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरला पोचली तरच नोंदणी सक्तीची होते. सुरुवात करणाऱ्यांना त्यामुळे ऑस्ट्रेलिया कागदपत्रांच्या दृष्टीनं सोपी पडते.

प्रश्न : कारागिराकडून खरेदी करताना मी स्थानिक व्हॅट भरतो. माल निर्यात केल्यावर तो परत मिळतो का?

तुम्ही स्वतः व्हॅटसाठी नोंदलेले असाल तर खरेदीवरचा कर सहसा वजा घेता येतो, आणि निर्यातीच्या विक्रीवर दर शून्य असतो. नोंदणी नसेल तर तो कर तुमच्या खर्चातच जातो. कारागीर स्वतः नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर त्यानं व्हॅट लावलेलाच नसतो, त्यामुळे परत मागायला काही नसतं.

शून्य दर पुराव्यावर टिकतो. विक्रीचं बिल, निर्यात घोषणा, माल हद्दीबाहेर गेल्याची कस्टम्सची नोंद, कुरिअरची पावती आणि पैसे आल्याची नोंद, या पाच कागदांवर नाव, रक्कम आणि नगसंख्या जुळली पाहिजे. ब्रिटनमध्ये साधारणपणे तीन महिन्यांच्या आत माल बाहेर जाऊन त्याचा पुरावा हाती असावा लागतो. काही कुरिअर सेवा छोटी पार्सलं एकगठ्ठा दाखवून सोडवतात. मग तुमच्या नावाची स्वतंत्र नोंद कुठेच नसते. खातं उघडतानाच 'प्रत्येक खेपेचा निर्यात पुरावा द्याल का' हे लेखी विचारा.

याच कारणासाठी घाऊक ग्राहकाला 'एक्स वर्क्स' या अटीवर विकू नका. त्यात माल तुमच्या दारातून तो उचलतो आणि निर्यातीची घोषणाही त्यानंच करायची असते. कागद त्याच्याकडे राहतात आणि कर तुमच्या अंगावर येतो. 'एफसीए' मध्ये निर्यातीचं काम तुमच्याकडे असतं, ते बरं. उलट टोकाला 'डीडीपी' आहे. त्यात ग्राहकाच्या देशाची ड्युटी आणि करही तुम्ही भरता. किरकोळ ग्राहकाला हे आवडतं, पण आधी हिशेब न करता स्वीकारू नका.

प्रश्न : आमच्या वस्तूंत लाकूड, शिंपले, पिसं आणि शिंग वापरलेलं असतं. सगळं साहित्य बाजारातून कायदेशीर विकत घेतलेलं आहे. तरी अडचण येईल का?

येऊ शकते, आणि इथली चूक सर्वांत महाग पडते, कारण माल बहुधा परत मिळत नाही. बाजारात मिळतं म्हणजे सीमेपार नेता येतं असं नाही. नष्ट होत चाललेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा सायटीस करार १९७३ मध्ये वॉशिंग्टनला झाला आणि १९७५ पासून लागू आहे. त्याच्या याद्या, म्हणजे परिशिष्टं, तयार वस्तूंनाही लागतात.

रोझवुडचं उदाहरण पाहा. डालबर्जिया वंशातली सगळी झाडं २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आहेत (ब्राझिलियन रोझवुड त्याहून कडक अशा पहिल्यात). तयार वस्तूंतलं त्या लाकडाचं वजन १० किलोच्या आत असेल तर दुसऱ्या परिशिष्टातल्या बहुतेक जातींना परवान्यातून सूट आहे, तयार वाद्यांनाही आहे. पण हे सिद्ध करायला झाडाचं शास्त्रीय नाव हवं. बाजारात 'रोझवुड' म्हणून डझनभर वेगळी लाकडं विकली जातात. लाकूड घेतानाच विक्रेत्याकडून शास्त्रीय नाव बिलावर लिहून घ्या.

शिंपल्यांत नॉटिलस, मोठे क्लॅम आणि राणी शंख दुसऱ्या परिशिष्टात आहेत, काळं प्रवाळही आहे. पिसांच्या बाबतीत अमेरिका फार कडक आहे. १९१८ च्या कायद्याखाली बहुतेक स्थानिक जंगली पक्ष्यांचं जमिनीवर पडलेलं पीससुद्धा बाळगता येत नाही, विकणं तर दूरच. कोंबडी, पाळीव बदक यांची पिसं वापरा आणि तसं लिहा. शिंगाबद्दल नुसतं 'शिंग' लिहिलंत तर तपासणी होणारच. 'पाळीव म्हशीचं शिंग, बुबालस बुबालिस' असं लिहिलंत की अधिकाऱ्याला पुढचा प्रश्न पडत नाही. वन्य प्राण्यांपासूनच्या वस्तूंसाठी अमेरिकेत कस्टम्सव्यतिरिक्त फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे '३-१७७' हा अर्जही भरावा लागतो.

परवाना लागत असेल तर तो माल निघण्याआधीच हातात हवा. मागाहून तो सहसा मिळत नाही. निर्यात परवान्याची मुदत सहा महिन्यांपर्यंत असते, त्यामुळे ऑर्डर पक्की झाल्यावरच अर्ज करा.

प्रश्न : मातीची भांडी, दागिने आणि कापडी बाहुल्या एकाच दुकानातून विकते. सुरक्षेचे नियम छोट्या कारागिरांनाही लागतात का?

लागतात. युरोपीय संघाचा सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियम १३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे आणि त्यात हातच्या वस्तूंना वेगळी सूट नाही. संघाबाहेरून विकत असाल तर संघात जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. तिचं आणि तुमचं नाव, टपालाचा आणि इलेक्ट्रॉनिक पत्ता वस्तूवर किंवा वेष्टनावर आणि विक्रीच्या पानावरही हवा.

जेवणाच्या भांड्यांत प्रश्न ग्लेझमधून (भांड्यावरच्या चकचकीत लेपातून) सुटणाऱ्या शिसं आणि कॅडमियमचा असतो. युरोपीय संघात उथळ ताटल्यांसाठी शिशाची मर्यादा चौरस डेसिमीटरला ०.८ मिलिग्रॅम, खोलगट भांड्यांसाठी लिटरला ४ मिलिग्रॅम आणि शिजवण्याच्या भांड्यांसाठी १.५ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत कप आणि मगसाठी ती ०.५ पीपीएम (साधारण लिटरला ०.५ मिलिग्रॅम), म्हणजे बरीच कडक. ग्लेझच्या डब्यावर 'फूड सेफ' लिहिलेलं पुरत नाही. भट्टीचं तापमान कमी पडलं किंवा वर दुसरा रंग चढवला तर तेच ग्लेझ शिसं सोडू लागतं. म्हणून तपासणी भाजून झालेल्या भांड्याची करा, आणि ग्लेझ, माती किंवा भट्टीची पद्धत बदलली की पुन्हा करा. ताटली केवळ शोभेची असेल तर अमेरिकेसाठी तिच्यावर ती खाण्यासाठी नाही असं कायमचं लिहावं लागतं किंवा तिला भोक पाडावं लागतं. भिंतीवर टांगायच्या ताटलीला भोक पाडणं मला तरी सगळ्यांत सोपं वाटतं.

दागिन्यांत युरोपीय संघासाठी निकेल पाहा : त्वचेला लागणाऱ्या भागातून आठवड्याला चौरस सेंटीमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम, आणि टोचलेल्या कानात जाणाऱ्या तारेसाठी ०.२. शिसं ०.०५ टक्के आणि कॅडमियम ०.०१ टक्क्याच्या आत हवं. सुट्या तारा आणि हुक दाखल्यासह घ्या. दागिना नापास होतो तो बहुधा त्या स्वस्त हुकमुळे. ब्रिटनमध्ये ७.७८ ग्रॅमवरची चांदी आणि १ ग्रॅमवरचं सोनं हॉलमार्कशिवाय त्या नावानं विकता येत नाही.

बाहुली मुलांसाठी असेल तर युरोपीय संघात ती खेळणं ठरते. ईएन ७१ या खेळण्यांच्या सुरक्षा मानकांच्या मालिकेच्या कसोट्या, तांत्रिक कागदपत्रं आणि संघाचे नियम पाळल्याची सीई खूण लागते. अमेरिकेत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंना प्रमाणपत्र आणि माग काढता येईल असं लेबल लागतं. थोड्या संख्येनं बनवणाऱ्यांना तिथे नोंदणी करून तपासणीत काही सवलत मिळते, तिचा फायदा घ्या. बाहुलीच्या वर्णनात 'शोभेची, खेळणं नाही' लिहून सुटका होत नाही. दिसायला ती लहान मुलाच्या खेळण्यासारखी असेल तर खेळणंच धरली जाते.

प्रश्न : लाकडी पेटीत गवत भरून पाठवलेला माल बंदरावर अडला. पेटी साधीच होती.

साधी होती म्हणूनच अडली. कच्च्या लाकडाच्या पेटीला आयएसपीएम १५ हा लाकडातून कीड पसरू नये यासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम लागतो : लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं तापवलेला, आणि वर गव्हाच्या लोंबीची खूण व 'एचटी' (हीट ट्रीटमेंट) हा ठसा. प्लायवूड आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड यातून सुटतं. गवत, पेंढा मात्र वापरूच नका, कागदाच्या कातरणी वापरा.

प्रश्न : शाल एका देशात विणली, गोंडे दुसऱ्या देशात बांधले. 'मेड इन' काय लिहायचं?

जिथे विणली तो देश. गोंडे बांधणं, इस्त्री, पॅकिंग यानं मूळ देश बदलत नाही, आणि तिथल्या मुक्त व्यापार कराराची सवलतही मिळत नाही. अमेरिकेत मूळ देशाची खूण १९३० च्या टॅरिफ कायद्यानुसार वस्तूवर स्पष्ट आणि टिकाऊ हवी. नसेल तर १० टक्के जादा ड्युटी बसू शकते. चिकटवलेला कागद गळून पडतो, शिवलेलं लेबल लावा. त्याच लेबलवर धाग्याचं प्रमाणही लिहा.

प्रश्न : विक्रीचं उत्पन्न कुठे दाखवायचं? ग्राहक पाच देशांत आहेत.

सर्वसाधारणपणे तुम्ही जिथे कर-निवासी आहात तिथे, जगभरच्या विक्रीसह. ग्राहकाच्या देशात तुमचं कार्यालय, दुकान किंवा करार करणारा माणूस नसेल तर दुहेरी कर करारांनुसार तिथे व्यवसायाच्या नफ्यावर प्राप्तिकर सहसा लागत नाही. व्हॅटचा नियम निराळा आहे. युरोपीय संघातल्या गोदामात माल ठेवून तिथूनच विकू लागलात की त्या देशात पहिल्या विक्रीपासून व्हॅट नोंदणी लागते. अमेरिकेत २०१८ च्या वेफेअर खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अनेक राज्यं एका ठरावीक विक्रीपुढे, बहुधा वर्षाला एक लाख डॉलर, परदेशी विक्रेत्याकडूनही विक्रीकर मागतात.

हिशेबात ग्राहकानं भरलेली पूर्ण रक्कम उत्पन्न म्हणून लिहा आणि बाजारपेठेचं कमिशन वेगळा खर्च म्हणून. बँकेत आलेली निव्वळ रक्कमच उत्पन्न धरली की ती कस्टम्सच्या बिलाशी जुळत नाही.

प्रश्न : ग्राहकानं परत पाठवलेल्या मालावर माझ्याच देशात ड्युटी मागितली गेली.

घोषणापत्रावर 'परत आलेला माल' असं नसेल तर ती नवी आयातच धरली जाते. युरोपीय संघात निर्यात झालेला माल तीन वर्षांच्या आत, कसलाही बदल न करता परत आला तर ड्युटी माफ होते. त्यासाठी मूळ निर्यात घोषणेचा क्रमांक, मूळ बिल आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार लागतो. परतीचं लेबल ग्राहकाला तुम्हीच तयार करून पाठवा आणि त्यात परतीचं कारण व मूळ क्रमांक आधीच भरून ठेवा. प्रदर्शनासाठी न्यायचा आणि परत आणायचा माल असेल तर एटीए कार्नेट, म्हणजे तात्पुरत्या ने-आणीचा कस्टम्सचा दस्तऐवज, घ्या. तो साधारणपणे वर्षभर चालतो. विकण्यासाठी नेलेला माल मात्र त्यात घालू नका, कारण न परतलेल्या प्रत्येक नगाची ड्युटी तुमच्या हमीतून वसूल होते.